गोड हाकेला ओ देऊ नको

उमरी, जि. नांदेड
७ जानेवारी १९८३

रुद्रे,

तुला आशीर्वाद, पण आज ते रागानंच देऊन राहिले. गिरिजाचं कार्ड आलं. मावशी आम्हा पोरींना किनवटच्या जंगलात नेणार हाय, तंबूत राहायचं, चुलीवर रांधायचं, माग काढायला शिकायचं, असं तिनं लिहिलंय. वाचता वाचता चुलीवरचं दूध उतू गेलं बघ. ह्यांनी दुकानातून विचारलं, काय झालं? मी कार्ड पदराखाली धरलं आन् म्हटलं, काही न्हाई, पोरगी खुशाल हाय.

पोरगी तुझ्याकडं शाळेसाठी ठेवली. तू एकटी राहतीस, मास्तरकी करतीस, तुला सोबत व्हावी म्हणून ठेवली. रानात हिंडवायला न्हाई ठेवली. तिच्या आधीची दोन लेकरं मी मातीत ठेवली, हे तुला नव्यानं सांगायला पाहिजे का?

आन् किनवटच का गं? दुसरं रान गावलं न्हाई? बहात्तरच्या दुष्काळात आपला बसवंत कुठं गेला, इसरलीस? चारा न्हाई म्हणून आप्पांनी त्याला गुरं घेऊन तिकडंच धाडला. गावातला चंद्रप्पा संगं होता. तो एकटाच परत आला आन् अम्माच्या पायावर पडून सांगितलं, सांजच्याला झाडीतून कुणीतरी नावानं हाक मारली, लई गोड, अगदी अम्मासारखी. बसवंत "आलो" म्हणाला आन् उठून गेला. गेला तो गेलाच. अम्मा मरेस्तोवर रोज दिवेलागणीला दारात उभी राहून बोलवायची त्याला, "बसवंता, ये रं माझ्या राजा" म्हणून. यंदा पुन्हा तसाच दुष्काळ, आन् तू त्याच रानात माझं लेकरू नेऊन राहिलीस.

गिरिजा कशी हाय तुला ठावं हाय. भ्याली की दातखीळ बसते तिची. माळेगावच्या जत्रंत हरवली तवा बांगडीवाल्याच्या पालामागं दडून बसली होती. आम्ही शेजारून हाका मारत गेलो, एक शब्द बोलली न्हाई. आन् तुझी जीभ तर कात्रीवाणी. उठता बसता तिला "हुच्ची" म्हणतीस, वर्गात म्हणतीस. आपलं माहेरचं कानडी चाकुरात कुणाला कळत नसंल, पण मावशी आपल्याला येडी म्हणते हे पोरीला कळतं.

नेऊ नको. एवढंच.

अक्का

चाकूर, जि. लातूर
१९ जानेवारी १९८३

ती. अक्कास,

शरणार्थ. तुझं पत्र आज मिळालं. अगं बाई, पाकिटावर अजून "जि. उस्मानाबाद" लिहितेस! ते आधी तिकडं जाऊन धूळ खाऊन मग इकडं आलं. लातूर जिल्हा झाला की गं पावसाळ्यात. पाऊस तेवढा झाला नाही, जिल्हा झाला. आमच्या शाळेच्या कागदांवरही अजून जुनं नाव छापलेलं आहे, आम्ही त्याच्यावर रेघ मारून लातूर लिहितो.

या नव्या जिल्ह्यामुळंच हे सगळं सुरू झालं. लातूरच्या साहेबांना हौस आली, मुलींच्या शाळांनी गाईड पथकं काढावीत, रानावनात शिबिरं घ्यावीत. मुख्याध्यापिका महादेवीबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं, का, तर माझा आवाज मोठा! कवायतीचे शेषेराव सर सोबत आहेत. किनवटला वनखात्याचा बंगला आहे, त्याच्या विहिरीला यंदासुद्धा पाणी आहे, म्हणून किनवट. दुसरं कारण नाही.

तू इथं येऊन बघ एकदा. पोरी पहाटे टँकरच्या रांगेला उभ्या राहतात आणि पहिल्या तासाला बाकावर मान टाकून झोपतात. मी उठवतही नाही. निदान पाच दिवस या पोरींच्या डोक्यावर घागर नसावी, एवढंच मला वाटतं. आणि तुझी गिरिजा! दोरीच्या गाठी मारण्यात तिचा हात कुणी धरत नाही. परवा तिची गाठ शेषेराव सरांनाही सुटेना, तेव्हा ही मोठ्यानं हसली. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिचं भित्रेपण घरात कोंडून जाणार नाही गं.

बसवंत माझाही भाऊ होता. चंद्रप्पा तेव्हा पंधरा वर्षांचं पोर, त्याचं काय ऐकतेस? त्या साली गुरांच्या तळावर पटकी आली होती. कितीतरी पोरं गुरं सोडून निजामाबादकडं कामाला पळाली. हाक-बिक काही नाही. मी मुलींना विज्ञान शिकवते, अक्का.

जिभेचं मात्र कबूल. शिबिरात तिच्यावर आवाज चढवणार नाही, हुच्ची म्हणणार नाही, लेकरासारखं गोड बोलेन. माझ्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगते.

आता तरी हो म्हण.

रुद्राणी

उमरी
३ फेब्रुवारी १९८३

रुद्रे,

मी न्हाईच म्हणणार होते. पण ह्यांना कार्ड सापडलं आन् ते म्हणाले, जाऊ दे की, पोरींनी बघू ने का जग? आता नवराच तुझ्या बाजूनं बोलून राहिला तर मी कुणाला सांगू?

तू लिंगावर हात ठेवलास म्हणून भरोसा ठेवते. तिला पूजेशिवाय जेवू देऊ नको. लिंग गळ्यातून काढून ठेवू देऊ नको, आंघोळीला सुदिक. सांजच्याला तंबूच्या बाहेर पाय टाकू देऊ नको. पोरींमधी तिला शेवटी चालवू नको, अगदी पहिलीबी न्हाई, मधी ठेव.

मुदखेडला तुम्ही गाडी बदलणार तवा मी फलाटावर येते. शेंगदाण्याचे लाडू करून आणते समद्या पोरींना. मला गिरिजाशी दोन शब्द बोलायचेत, आई-लेकीचे. त्यात तू पडू नको.

रात्रीची झोप गेलीय माझी. ह्यांना कळू देत न्हाई.

अक्का

किनवट, वनखात्याचा बंगला
२२ फेब्रुवारी १९८३

ती. अक्कास,

सुखरूप पोचलो. तंबू उभे राहिले, तुझे लाडू संपले. स्वयंपाकाला इथली धुरपताबाई आहे, भाकरी अशी करते की पोरी चटणीसुद्धा मागत नाहीत. विहीर पाहून सगळ्या काठावर वाकून बसल्या होत्या, ओरडून ओरडून बाजूला केल्या. गिरिजावर नाही ओरडले हो, शप्पथ पाळते आहे. इतकं गोड बोलते की माझंच तोंड मला परकं वाटतं.

एक सांग. मुदखेडला नळामागं नेऊन तिच्या कानात काय सांगितलंस? विचारलं तर नुसती मान हलवते. तेव्हापासून हसली नाही. उद्या मुलींना माग काढायला नेणार आहोत.

रुद्राणी

उमरी
२८ फेब्रुवारी १९८३

रुद्रे,

तुझं कार्ड मिळालं त्याच दिवशी माणिकप्पा दुकानात आला. तो कापड घेऊन किनवटच्या बाजाराला जात असतो. ह्यांच्याशी बोलता बोलता म्हणाला, तिकडं लातूरकडची शाळेतली पोर रानात हरवली, आख्खा गाव काठ्या घेऊन धुंडत होता, त्यात अस्वलाचं रान. मी आतून ऐकलं. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. पुढं काय झालं विचारलं तर म्हणतो, माझी गाडी सुटत होती, मी निघून आलो, पोर गावली का न्हाई ठावं न्हाई.

कुणाची पोर गं? नाव लिही. तू सहा दिवस झाले काही लिहिलं न्हाईस. खुशाल असतीस तर चार शिव्या घालून पत्र टाकलं असतंस मला. तुझं गप बसणं मला कळतं, रुद्रे.

ह्यांना मी म्हटलं, दुसरी कुणाची असंल. दुसऱ्या कुणाची तरी असू दे असं माझ्या मनात आलं, आन् मग माझीच मला भीती वाटली, की हे काय मागून राहिले मी देवाला.

तार कर. एकच शब्द धाड. न्हाईतर मी उद्याच्या मोटारीनं निघते.

अक्का

चाकूर
४ मार्च १९८३

अक्का,

गिरिजा जिवंत आहे. माझ्याजवळ आहे, आत निजली आहे. तार केली ती मिळाली असेल, तरी पुन्हा लिहिते, जिवंत आहे, अंगावर ओरखड्यांशिवाय काही नाही. आता बस आणि पुढचं वाच. आधी लिहिलं नाही, कारण कुठून सुरुवात करावी तेच कळत नव्हतं.

माग काढायचा खेळ असा की पुढची तुकडी वाटेवर दगडांचे बाण मांडत जाते, गवताला गाठी मारते, आणि मागची तुकडी त्या खुणा बघत येते. गिरिजा मागच्या तुकडीत होती, तू म्हणालीस तशी मधोमध. दुपारी वाटेत नाल्याचा डोह लागला. अक्का, पाणी! उघडं, निळं, कुणाची रांग नाही, भांडण नाही. पोरी वेड्यासारख्या धावल्या. तोंडं धुतली, ओढण्या भिजवल्या. आम्ही बोलावल्यावर निघाल्या. गिरिजाला मात्र काठावर कुणीतरी टाकलेला तेलाचा रिकामा डबा सापडला होता. तिनं तो घासला आणि काठोकाठ भरला. पाणी दिसलं की भरून ठेवायचं, ही आता आपल्या पोरींच्या हाडात शिरलेली सवय. मग सांडू नये म्हणून डब्याकडं बघत बघत चालायला लागली. दगडाचे बाण कोण बघतो? गुरांच्या वाटेनं भलतीकडंच गेली. ती नाही हे मला बंगल्यावर पोचल्यावर कळलं. मी तिच्यापुढं चालत होते, अक्का. मी मागं वळून बघितलं नाही.

शेषेराव सर गावात धावले. गावकरी आले, वनरक्षक आला. त्यानं विचारलं, पोरगी कुठल्या जिल्ह्याची? माझ्या तोंडून सवयीनं उस्मानाबाद निघालं, मग लातूर म्हटलं. तो चिडला, "बाई, एकच काय ते सांगा." नांदेडच्या हद्दीत लातूरची मुलगी, कळवायचं कुणाला यावरच त्याचं घोडं अडलं. त्याला तिथंच सोडून मी रानात शिरले.

सगळे हाका मारत होते. सर म्हणाले, "पोरीला भेवडावू नका, नाव घेऊन मायेनं बोलवा." मीसुद्धा तेच केलं. "गिरिजाऽ, बाळा, ये गं, मावशी आलीय." घसा बसला. उत्तर नाही. मला वाटलं, जत्रेतल्यासारखी दातखीळ बसली असेल. मग वाटलं, शुद्ध गेली असेल. मग अस्वल आठवलं. पुढचं मी मनात येऊ दिलं नाही, तरी येत होतं. सांज व्हायला लागली. गावकरी दुसऱ्या अंगाला गेले, त्यांचा आवाज लांब गेला. नाल्याशी मी एकटी राहिले.

आणि तेव्हा पलीकडच्या झाडीतून कुणीतरी म्हणालं, "रुद्राणीऽ."

पुरुषाचा आवाज होता. हळू. ओळखीचा.

अक्का, त्या रानात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सर मला बाई म्हणतात, गावकरी मास्तरीण म्हणतात. "ओ" अगदी ओठावर आली होती. आणि मी, विज्ञान शिकवणारी बाई, दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसले. श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून श्वास धरला. ते काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि तू कधी विचारू नकोस.

तशी तोंड दाबून बसले असताना एकदम डोक्यात आलं, ही पोर पण अशीच बसली असेल. ऐकत असेल आमची प्रत्येक हाक, आणि तोंड दाबून बसली असेल. मग मुदखेडचा नळ आठवला, तुझं तिच्या कानाला लागलेलं तोंड आठवलं. काय सांगितलं असशील ते मला कुणी सांगायची गरज उरली नाही. आपण एकाच आईच्या लेकी आहोत.

मी उठले. लिंगावर हात ठेवून दिलेली शप्पथ मोडली, आणि असतील नसतील त्या शिव्या मोठ्यानं द्यायला लागले. "ए हुच्ची! कुठं उलथलीस गं भवाने! भाकरी गार झाली, ती काय तुझा बाप येऊन खाणार? गावली की तंगडं मोडते बघ तुझं! ए हुच्ची!" रडत होते आणि शिव्या देत होते. कुणी ऐकलं असतं तर मलाच येडी म्हणालं असतं.

माझ्यापासून हाताच्या अंतरावर, अक्का, खडकाच्या कपारीतून बारीक आवाज आला, "ओ."

त्याच खडकाजवळून आम्ही दुपारपासून किती वेळा गेलो होतो! ती आत पाय पोटाशी घेऊन बसली होती. एक हात गळ्यातल्या लिंगावर, एक कानावर. पाण्याचा डबा शेजारी, तसाच भरलेला. घोटभरसुद्धा प्यायली नव्हती. का गं, म्हटलं तर म्हणाली, "घरी न्यायचं होतं." मग म्हणाली, "आईनं सांगितलंय, रानात कुणी गोड हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. मावशीचा आवाज असला तरी न्हाई. बसवंतमामानं दिली होती." मी विचारलं, मग आता कशी दिलीस? म्हणाली, "भूत कशाला हुच्ची म्हणंल?"

मला तुझा फार राग आला होता. तुझ्या चार शब्दांनी पोर अस्वलाच्या रानात गप बसवली, असं लिहायला बसले होते. पण मी तरी काय केलं? त्या नाल्यावर मीही "ओ" दिली नाही.

तिचं मात्र काही ठीक नाही. शाळेत हजेरीला नाव घेतलं की गप. मैत्रिणींनी हाक मारली की भिंतीला लागते. तू ये आणि घेऊन जा. आईच्या हाकेनं तरी सुधारेल.

रुद्राणी

उमरी
२९ मार्च १९८३

रुद्रे,

पोरीला आणून आता तीन हप्ते होत आले. तुला लिहिलं न्हाई, कारण चांगलं लिहिण्यासारखं काही नव्हतं. तू म्हणालीस आईच्या हाकेनं सुधारंल. माझ्याच हाकेला ती जास्त भिऊन राहिली होती. मी "गिरिजा, माय, जेवायला ये" म्हटलं की जागच्या जागी थिजायची. हात कानावर जायचा. मी तिच्यासमोर उभी राहून बोलवायची, तरी माझ्या तोंडाकडं बघत राहायची, ही खरी का खोटी म्हणून. आपल्या लेकरानं आपल्याकडं तसं बघावं! ह्यांचा डाक्टर झाला, शेजारच्या सुमनबाईनं आंगारा दिला. फरक न्हाई. रातच्याला मी तिच्या उशाशी बसून म्हणायची, अगं मी चुकले, ते समदं खोटं होतं. पण ते मी तिला गोड आवाजात सांगून राहिले होते ना. ती कशी ऐकंल?

परवा गल्लीत टँकर आला. बाया घागरी घेऊन धावल्या, गिरिजाबी कळशी घेऊन गेली. नळीतून गळणारं पाणी कळशीत धरून, चाकाकडं पाठ करून बसली. तेवढ्यात डायव्हरनं टँकर मागं घ्यायला सुरवात केली. त्याला ती दिसत नव्हती. मी वट्ट्यावरनं वरडले, "गिरिजा, बाळा, सरक!" रुद्रे, ती सरकली न्हाई. तिनं ऐकलं, मला दिसलं तिनं ऐकलेलं. खांदे वर घेतले आन् गच्च डोळे मिटून तिथंच बसून राहिली. चाक मागं येऊन राहिलेलं आन् माझी लेक माझ्याच हाकेनं जागेला खिळलेली.

मी जन्मात तिला कधी वाकडा शब्द बोलले न्हाई, तुला ठावं हाय. दोन गेल्यावर मिळालेलं लेकरू, बोलणार तरी कशी. पण परवा माझ्या पोटातनं तुझीच जीभ बाहेर आली बघ. "ए हुच्ची! मेलीस का तिथं! उठ, न्हाईतर पाठ सोलून काढते तुझी!"

टुणकन उडी मारली तिनं. कळशी चाकाखाली गेली, चेपून परातीवाणी झाली. पोरगी धावत येऊन माझ्या पोटाला बिलगली आन् म्हणाली, "ओ, आई. ओ." दोनदा म्हणाली. पाणी समदं गल्लीत वाहून गेलं, बाया कळशीसाठी हळहळल्या, आन् मी वट्ट्यावर बसून मोठ्यानं रडले. कोण बघतंय, कोण न्हाई, काही बघितलं न्हाई.

आता आमचं असं ठरलंय. काल मी भीत भीत, हळूच नावानं बोलावून बघितलं. ती थांबली. माझ्याकडं बघितलं आन् म्हणाली, "आधी रागाव." मी रागावले. "कुठं हिंडतीस गं उंडगे, भाकरी कोण खाणार?" मग नावानं बोलावलं. मग तिनं ओ दिली. हसलीबी थोडी. रागावायचं कमी कमी करत नेऊ, असं हे म्हणतात. मला घाई न्हाई.

तू नाल्यावरची ती गोष्ट विचारू नको म्हणालीस. न्हाई विचारत. पण दिवसभर तीच मनात घोळून राहिली. आवाज ओळखीचा होता म्हणालीस. आपल्या अम्मानं मरेस्तोवर बसवंताला गोड हाकाच मारल्या गं. राजा म्हणून, सोन्या म्हणून. तोबी कुठं कानावर हात ठेवून बसला असंल, तर तो कसा येईल?

म्हणून काल दिवेलागणीला मी दारात उभी राहिले, किनवटकडं तोंड करून. आजूबाजूला कुणी न्हाई बघून सुरवात केली, मग बघायचं सोडून दिलं. "ए बसवंत्या! मेल्या, गुरं कुठं सोडलीस? दहा वर्सं झाली, घर आठवतं का न्हाई? ये मुकाट्यानं, न्हाईतर आप्पांना सांगते!" शेजारचे दार उघडून बघायला लागले. मी थांबले न्हाई. घसा बसेस्तोवर रागावले त्याला.

गिरिजा आतून दिवा घेऊन आली. म्हणाली, "आई, कुणाला रागावतीस?"

म्हटलं, "तुझ्या मामाला."

तिनं दिवा उंबऱ्यावर ठेवला आन् माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "मग थोडी वाट बघू."

अक्का